मोठी किंमत, लहान किंमत

मराठीत ‘किंमत’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. बाजारात वस्तूसाठी मोजावे लागतात ते पैसे ही एक किंमत. आणि गणितात ‘क्ष’च्या जागी जो आकडा बसतो, तीही किंमतच. शाळेत क्ष-ची किंमत काढताना या दोन अर्थांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असे कधी मनात आले नव्हते. गेल्या वर्षी घरी एक लहानसा ॲम्प्लिफायर जुळवायला घेतला आणि हे दोन्ही अर्थ एकाच टेबलावर शेजारी शेजारी येऊन बसले. कोणता रेझिस्टन्स किती ओहमचा आणि कोणता कंडेन्सर किती मायक्रोफॅरडचा, हे ठरवणे म्हणजे त्या त्या सुट्या भागाची ‘किंमत’ ठरवणे. आणि प्रत्येक किंमत ठरवताना तिच्यापायी काय सोडावे लागणार, याचाही हिशेब करावा लागतो.

हा खटाटोप कशासाठी केला, ते आधी सांगितले पाहिजे.

आमचे घर इंदूरच्या रामबागेतले. आई आता ८७ वर्षांची आहे. दृष्टी शाबूत, स्मरण तल्लख. कान मात्र थकले. कानाच्या डॉक्टरांनी तपासून एक आलेख काढून दिला. त्यात डावीकडे खर्जाचे सूर आणि उजवीकडे टिपेचे सूर. २५० हर्ट्झपाशी आईची रेषा बरीच वर होती. २००० च्या पुढे ती घाट उतरावा तशी खाली गेली होती. वार्धक्यात बहुतेकांचे कान याच क्रमाने थकतात. श्रवणयंत्र घेतले, चारचौघांत बोलताना ती ते लावते. गाणे ऐकायला बसली की मात्र काढून ठेवते. म्हणते, “यातून तंबोरा पत्र्यावर वाजवल्यासारखा लागतो.”

या आलेखाचा अर्थ घरात नीट समजून घेतला, तेव्हा एक जुने कोडे सुटले. आई नेहमी म्हणे, “ऐकू येतं रे, पण कळत नाही.” आम्ही मोठ्याने बोलत असू आणि तरीही तिला कळत नसे. आ, ओ, उ या स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो; स, श, त, थ, च ही व्यंजने एकमेकांपासून ओळखण्याच्या खुणा मात्र बऱ्याच अंशी २००० हर्ट्झच्या वर असतात. आवाज चढवला की स्वर चढतात, व्यंजने होती तेथेच राहतात. शिवाय खालचा दणदणीत नाद वरच्या नाजूक आवाजाला झाकून टाकतो, हा कानाचा स्वभावच आहे. तात्पर्य, आम्ही ओरडत होतो ते तिच्या भल्यासाठी, पण त्याने शब्द अधिकच बुजत होते.

अशात वडिलांच्या पेटीतून एक कॅसेट निघाली. वर त्यांच्या अक्षरात १९८३ हे साल, आत्याचे नाव आणि ‘घरची बैठक’ एवढेच. आत्या गात असे. माळव्यातल्या मराठी घरांना गाण्याचे वेड काही नवे नाही. कुमार गंधर्व १९४८ पासून देवासला राहिले, आणि देवास येथून जेमतेम ३५-४० किलोमीटर. आत्याने कधी मैफल केली नाही, पण घरची बैठक तिच्यावाचून होत नसे. आज आत्या नाही, वडीलही नाहीत. त्या कॅसेटमध्ये तंबोरा जुळतो, तो स्थिरावतो, आणि पहिल्या अभंगाला सुरुवात होण्यापूर्वी दूर बसलेले वडील एक वाक्य बोलतात. माइकपासून लांब, हळू, पण आम्हा सर्वांना पहिल्याच खेपेस स्पष्ट कळले असे.

आईला ते कळेना. आवाज तिने तत्काळ ओळखला. “हे काहीतरी बोलले,” ती म्हणाली. माझ्या मुलीने सांगण्यासाठी तोंड उघडले, तोच आईने हाताने थांबवले. “सांगू नकोस ग. चाळीस वर्षांनी ते बोलतायत. मला त्यांच्याच तोंडून ऐकू दे.”

घरात एक मोठा विकतचा संच आहे. त्यावर लावून पाहिले. खिडक्यांच्या काचा थरथरल्या, तंबोरा समुद्रासारखा घोंघावला, आणि ते एक वाक्य त्या लाटांखाली होते तेथेच राहिले. तेव्हा मनाने घेतले की या एका श्रोत्यासाठीच ॲम्प्लिफायर बांधावा.

मी वापरला तो टीडीए २०३० या नावाचा आयसी. पाच पायांचा, नखाएवढा काळा तुकडा आणि मागे धातूची पट्टी. मूळचा इटलीतील कंपनीचा. याच नावाचा तुकडा आजही सुट्या भागांच्या दुकानात सहज मिळतो. त्याच्याभोवती चारदोन रेझिस्टन्स आणि सातआठ कंडेन्सर लावले की ॲम्प्लिफायर तयार होतो. त्याच्या माहितीपत्रकात जोडणीचा नकाशा असतो आणि नकाशाखाली एक कोष्टक असते. मला ते कोष्टक फार आवडते. पहिल्या रकान्यात भागाचे नाव, दुसऱ्यात सुचवलेली किंमत, तिसऱ्यात त्याचे काम. आणि शेवटचे दोन रकाने असे: ‘याहून मोठी घेतली तर’ आणि ‘याहून लहान घेतली तर’. नुसते ‘असे करा’ म्हणून ते थांबत नाही. न केल्यास काय होईल, तेही सांगते. वडीलधाऱ्यांनी उपदेश करावा तर असा.

ते कोष्टक पुढे ठेवून विचार करू लागलो, तसे ध्यानात आले की या किमती तीन जातींच्या आहेत.

पहिली जात आपल्या इच्छेची नव्हेच. आयसीच्या बाहेर पडणाऱ्या तारेपाशी १ ओहमचा रेझिस्टन्स आणि ०.२२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असे एक जोडपे असते. गाण्यात त्यांचा ऐकू येईल असा काहीही वाटा नसतो. म्हणून ते गाळावे, असा मोह होतो. कोष्टक तेथे बजावते: दोलनाचा धोका. म्हणजे आयसी आपल्याला ऐकूही येणार नाही अशा अतिउंच पट्टीत स्वतःशीच गुणगुणू लागतो आणि मुकाट्याने तापत राहतो. आयसीच्या अगदी पायाशी लावायच्या ०.१ मायक्रोफॅरडच्या दोन कंडेन्सरांचेही तेच. प्रत्येक घरात अशी एकदोन माणसे असतात, ज्यांचे काम ती नसतानाच कळते.

वीजपुरवठाही याच जातीतला. या आयसीला अधिक १८ आणि उणे १८ व्होल्ट ही कमाल मर्यादा. महाराणी रोडवरच्या दुकानदाराने १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर पुढे केला. म्हणाला, “यही ले जाइए साहब, आवाज ज्यादा मिलेगी.” हिशेब असा की १२ व्होल्ट ए.सी.चे डायोड-कंडेन्सरनंतर सुमारे १६ व्होल्ट डी.सी. होतात, पण रात्री वस्तीतला दाब २३० वरून २५० वर गेला, आणि ट्रान्सफॉर्मरवर भार नसला, तर आकडा १८ च्या पलीकडे जातो. मी ९-०-९ चा घेतला. त्याचे सुमारे १२ व्होल्ट होतात आणि ८ ओहमच्या स्पीकरवर पाचसहा वॉट मिळतात. दुकानदाराला ते कमी वाटले. परंतु वॉट दुप्पट केले तरी वाढ होते ती फक्त ३ डेसिबलची. कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. आईच्या खोलीला पाच वॉट पुष्कळ झाले. गाळणीचे कंडेन्सर मात्र २२०० ऐवजी ४७०० मायक्रोफॅरडचे घेतले, कारण आपल्याकडील विजेची १०० हर्ट्झची घरघर नेमकी त्या खालच्या पट्टीत शिरते, जेथे आईचे कान अजून जागे आहेत.

दुसरी जात बाजाराची. हिशेबाने ७२३ ओहम आले म्हणून दुकानात ७२३ ओहम मिळत नाहीत. १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२ अशा बारा पायऱ्यांची माळ ठरलेली आहे. पुढे शून्ये वाढवत जायची. प्रथम पाहणाऱ्याला हे आकडे लहरी वाटतात, पण प्रत्येक पायरी मागच्या पायरीपेक्षा सुमारे एकवीस टक्क्यांनी मोठी आहे. भाग बनवतानाच दहा टक्के इकडेतिकडे होणार हे धरून पायऱ्या बांधल्या, म्हणजे एकीचा पदर दुसरीला लागतो आणि मध्ये भोक राहत नाही. सप्तकातील स्वरांची अंतरेही अशीच गुणोत्तराने मोजतात, बेरजेने नव्हे. म्हणून गाणाऱ्या घराला हे पटवून द्यावे लागत नाही.

तिसरी जात आपली. येथे कोष्टक सल्ला देते, हुकूम करीत नाही.

आवाज किती पटींनी वाढवायचा, हे दोन रेझिस्टन्स ठरवतात. सुचवलेले २२ किलो-ओहम आणि ६८० ओहम. पहिल्याला दुसऱ्याने भागून एक मिळवायचा, की ३३ पट येते. सूर खालच्या बाजूला कोठपर्यंत जाऊ द्यायचे, हे ठरवतो आत येणाऱ्या वाटेवरचा कंडेन्सर. त्याचा हिशेब सोपा आहे: किलो-ओहम आणि मायक्रोफॅरड यांचा गुणाकार करावा आणि त्याने १५९ ला भागावे, येईल ते हर्ट्झ. २२ किलो-ओहम आणि सुचवलेला १ मायक्रोफॅरड धरला तर सुमारे ७ हर्ट्झ. माणसाचा कान २० हर्ट्झच्या खाली काही ऐकत नाही. तेव्हा माहितीपत्रकाने दार सताड उघडे ठेवले आहे. ते योग्यच, कारण ते कोणासाठी लिहिले आहे हे लिहिणाऱ्याला ठाऊक नाही. कोण्या अनोळखी घरातल्या अनोळखी माणसासाठी किंमत सुचवायची, तर ती सर्वांना चालेल अशीच असली पाहिजे.

मला माझा श्रोता ठाऊक होता. आईच्या आरामखुर्चीसमोर पाटीवर जोडणी मांडली, म्हणजे भाग चटकन बदलता यावेत. मुलीने ‘साल, शाल, चाल, ताल, थाळ’ असे सारख्या घाटाचे शब्द उलटसुलट क्रमाने वाचून टेपवर घेतले. ते लावायचे, आईने ऐकून म्हणायचे, आणि मुलीने वहीत खूण करायची. आईला यात परीक्षा दिल्याचा आनंद होता; मध्येच ती पेपर काढणाऱ्यांची उणीही काढी.

१ मायक्रोफॅरडच्या जागी ०.०४७ लावला. दार १५४ हर्ट्झपाशी लागले. वहीतल्या बरोबर खुणा वाढल्या. मग कॅसेट लावली, तर आईने कपाळाला आठी घातली. “तंबोरा कुठे गेला?” तिचे म्हणणे खरे होते. आत्याचा षड्ज २२० हर्ट्झच्या आसपास धरला तर तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ नाद ११० वर येतो. तो आम्ही दाराबाहेर अर्ध्यावर रोखला होता. मी ०.१ लावला. दार ७२ हर्ट्झवर आले. तंबोरा परतला, विजेची ५० हर्ट्झची घरघर निम्म्याच्या आसपास आली, आणि मोठ्या संचावर होणारा तो घोंघाट निवळला. आईने मान डोलावली. त्या किमतीवर पहिली सही तिची.

मात्र वडिलांचे वाक्य अजून कळत नव्हते. खालचा गोंगाट कमी झाला, तरी वरचा उजेड कमीच होता. म्हणून ६८० ओहमच्या शेजारी दुसरी एक वाट काढली: तिच्यात ६८० ओहमचा आणखी एक रेझिस्टन्स आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर एकापुढे एक. कंडेन्सर खालच्या सुरांना ती वाट बंद ठेवतो आणि वरच्यांना उघडतो. परिणाम असा की सुमारे १२०० हर्ट्झपासून चढ सुरू होतो आणि पुढे तो जवळजवळ ६ डेसिबलपर्यंत जातो. म्हणजे त, थ, स, श यांना दुप्पट जोर. वहीत आता चुकीच्या खुणा शोधाव्या लागू लागल्या.

तोच घरातून तक्रार आली. कॅसेटच्या फितीला स्वतःची एक फुसफुस असते आणि ती याच वरच्या पट्टीत असते. व्यंजनांबरोबर तीही दुप्पट झाली. सौ. म्हणाली, “गाणं चाललंय आणि मागे कोणीतरी सारखं भजी तळतंय.” मुलीने तर कानांवर हात ठेवले. मी आईकडे पाहिले. ती प्रसन्न चेहऱ्याने ऐकत होती. तिला ती फुसफुस ऐकूच येत नव्हती! आमच्या कानांना जो ॲम्प्लिफायर बिघडलेला वाटत होता, तोच तिच्या कानांना घडलेला होता. चांगला कोणता म्हणायचा? याचे उत्तर कोणत्याही माहितीपत्रकात नसते.

मी तोड सुचवली: त्या वाटेवर एक बटण बसवू. आई ऐकताना दाबायचे, इतरांनी ऐकताना उचलायचे. तंत्राच्या दृष्टीने ही तोड निर्दोष होती. आईने ती एका वाक्यात मोडीत काढली. “म्हणजे तुम्ही उठून गेल्यावर मी एकटीने ऐकायचं? बैठक एकट्याची असते का?”

मग त्या रात्री जेवणे झाल्यावर सगळेजण टेबलाभोवती बसलो आणि किंमत ठरवली. माझ्या समजुतीप्रमाणे कोणाही अभियंत्याने ती पद्धत शिकवलेली नसावी. ६८० च्या जागी दुसऱ्या वाटेत १००० घालून पाहिला, १२०० घालून पाहिला, १८०० घालून पाहिला. आई शब्द सांगे, सौ. आणि मुलगी भजी किती तळली जातात ते सांगत. १८०० ला आईचे थ आणि त एक होऊ लागले. १००० ला मुलगी कुरकुरली. १२०० ओहम आणि ०.०६८ मायक्रोफॅरड, यावर दोन्ही पक्ष थांबले. चढ सुमारे पावणेचार डेसिबल. आईला थोडे कान द्यावे लागतात, आम्हाला थोडे सोसावे लागते. तपकिरी, लाल, लाल अशा पट्ट्यांचा तो अर्ध्या वॉटचा रेझिस्टन्स; दुकानातला सर्वांत स्वस्त भाग. मी त्याला डाग दिला आणि पाटीवरचे प्रयोग संपवले.

पुढच्या रविवारी संध्याकाळी कॅसेट लावली. तंबोरा जुळला, स्थिरावला. वडील बोलले: “थोडं थांब, तिला येऊ दे.”

आईने हात वर केला. मी फीत मागे घेऊन पुन्हा लावली. तिसऱ्यांदाही लावली. मग ती बराच वेळ काही बोलली नाही. शेवटी म्हणाली, “मी स्वयंपाकघरात होते. पंधरा माणसांचं पान व्हायचं होतं. मला नेहमी वाटायचं, मी येण्याआधीच हे सुरू करतात.” आणि मग आत्याचा अभंग सुरू झाला, तेव्हा तिने तो शेवटपर्यंत ऐकला. फुसफुस होती, पण त्या संध्याकाळी तिच्याविषयी कोणी काही म्हटले नाही.

ही हकीकत शेजारी कळल्यावर एका स्नेह्यांनी आपल्या वडिलांसाठी माझ्या किमती मागितल्या. नकाशा मी आनंदाने दिला. विजेची जोडणी जाणत्या माणसाकडून करून घ्या, फ्यूज आणि अर्थिंग विसरू नका, आयसीच्या मागची पट्टी उणे पुरवठ्याला जोडलेली असते तेव्हा हीट सिंक आणि तिच्यामध्ये अभ्रकाचा पातळ तुकडा घाला, आणि या सर्वांआधी वडिलांचे कान डॉक्टरांना दाखवा, हेही सांगितले. पहिल्या दोन जातींच्या किमती जशाच्या तशा लिहून दिल्या. तिसऱ्या जातीच्या जागा मात्र कोऱ्या ठेवल्या आणि शेजारी लिहिले, ‘मोठी घेतली तर’, ‘लहान घेतली तर’. त्या त्यांच्या टेबलाशी बसूनच भरायच्या आहेत.

आमच्या पेटीच्या झाकणाला आतून एक कागदी पुडी चिकटवून ठेवली आहे. तीत ६८० ओहमचा तो काढलेला रेझिस्टन्स आणि ०.१ चा कंडेन्सर आहे. कान आणखी थकतील तेव्हा त्यांची गरज पडेल. तेव्हा फुसफुस वाढेल, आणि आम्ही ती ऐकत बसू.